१६८ सेंटिमीटरची रेघ

पहाटे पाचच्या सुमारास कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दोन प्रकारची माणसे दिसतात. रात्रपाळी संपवून सायकलवर, दुचाकीवर घराकडे निघालेले कामगार, आणि त्याच रस्त्यावर कानटोपी घालून धावणारी सतरा-अठरा वर्षांची पोरे. कुणाच्या पायात चांगले बूट असतात, कुणी मोठ्या भावाचे वापरून झालेले घातलेले असतात. एक जण मोबाइलवर वेळ मोजत उभा असतो. बोलणे एकाच विषयावर असते : भरती कधी निघणार, सोळाशे मीटर किती मिनिटांत बसले, बीम किती झाले.

ही मुले कुणाच्या सक्तीने धावत नाहीत. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात फौजेत जाण्याची ओढ जुनी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला, कारण पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यानंतरही घरटी माणूस सैन्यात जात राहिला. तरीही पारावर, लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : “आजकालच्या पोरांना दोन वर्षं मिलिटरीत सक्तीनं पाठवायला पाहिजे. तब्येत सुधारेल, व्यसनं सुटतील, शिस्त लागेल.”

या वाक्यात देशाच्या संरक्षणाचा मुद्दा फारसा नसतो. सैन्य किती मोठे असावे हे संरक्षणतज्ज्ञ ठरवतील. पण ‘तब्येत सुधारेल’ हा दावा आरोग्याचा आहे, आणि तो तपासता येतो.

आपल्याकडे हे झाले आहे का?

थोडेसे झाले आहे. राज्यघटनेचे २३वे कलम वेठबिगारीला बंदी घालते. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सार्वजनिक हितासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा सरकारला देतो. फक्त त्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. स्वतंत्र भारताने सक्तीची लष्करी सेवा कधी लागू केली नाही. मात्र १९६२च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या अनेकांना ती खाकी परेड आठवत असेल. पाच वर्षांत, १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली.

आकडेही पाहू. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुले-मुली अठरा वर्षांची होतात. तिन्ही दलांचे मिळून मनुष्यबळ पंधरा लाखांच्या आत आहे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षी सुमारे ४६ हजार अग्निवीर घेण्याचे ठरले होते. म्हणजे एका वर्षात अठरा वर्षांचे होणारे सगळे घ्यायचे तर त्या भरतीच्या चारशेपटीहून मोठी सोय लागेल : जेवण, निवास, प्रशिक्षक, डॉक्टर. पण क्षणभर धरून चालू की पैशांची अडचण नाही. तरी तब्येत सुधारेल का?

जवान धडधाकट का दिसतात?

सुट्टीवर आलेला जवान पाहिला की आपल्याला वाटते, फौजेने याला घडवले. त्यात तथ्य आहे. ठरलेल्या वेळी जेवण, रोजचा व्यायाम, आजारपणात उपचार आणि सोबत्यांचा आधार यांचा फायदा होतोच. पण आपण एक गोष्ट विसरतो. तो सैन्यात शिरला तेव्हाच निवडलेला होता.

समजा मिरजेतल्या एखाद्या शाळेने उंच मुले निवडून बास्केटबॉलचा संघ केला. सामना पाहणारा पाहुणा म्हणेल, बास्केटबॉल खेळल्याने मुले उंच होतात. आपण हसू. जवानांच्या तब्येतीबाबत मात्र नेमकी हीच चूक आपण करतो. नजर, कान, दात, हृदय, पाय, रक्त असे सगळे तपासून, कमी असलेल्यांना परत पाठवून जो गट उरतो, तो बाहेरच्यांपेक्षा निरोगी असणारच.

मग खरा परिणाम कसा ओळखायचा? योगायोगाने काही देशांत सक्तीची भरती चिठ्ठ्या टाकून झाली, आणि संशोधकांना हवा तसा प्रयोग आयता मिळाला. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी जन्मतारखांची सोडत निघाली. कोणाची तारीख आधी निघेल हे नशिबावर होते, त्यामुळे दोन्ही गट मुळात सारखे होते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या तारखा भरतीच्या यादीत आल्या त्यांच्यात पुढच्या काळात आत्महत्या आणि वाहन अपघातातले मृत्यू अधिक आढळले. आणखी बऱ्याच वर्षांनंतरच्या अभ्यासांत हा फरक फारसा उरलेला दिसला नाही. पण सक्तीमुळे आयुष्यभराची तब्येत सुधारली, असेही दिसले नाही.

त्यात युद्ध होते, असे कुणी म्हणेल. अर्जेंटिनात ओळखपत्राच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून सोडत काढत. तिथल्या माहितीवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा प्रश्न होता : सक्तीच्या सेवेने तरुण गुन्हेगारीपासून दूर राहतात का? उत्तर उलटे निघाले. सोडतीत ज्यांना जावे लागले त्यांच्या नावावर पुढे गुन्हा नोंदला जाण्याचे प्रमाण थोडे का होईना, जास्त होते. शिकण्याची आणि कामाला लागण्याची ऐन वर्षे हातची गेल्याने असे झाले असावे, असे एक स्पष्टीकरण आहे. अर्जेंटिनाने १९९४ मध्ये ही सक्ती थांबवली.

प्रशिक्षणात दम वाढतो, वजन आटोक्यात येते, हे खरे. पण व्यायाम थांबला की कमावलेला दम काही आठवड्यांतच उतरू लागतो. दोन वर्षांचा व्यायाम चाळिशीपर्यंत शिलकीत राहत नाही.

सक्तीत शरीर कुठे मोडते?

१८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केलेल्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षे होती. पुढे कळले की ही पावलाच्या हाडांना गेलेली बारीक चीर होती. हाड एका फटक्यात मोडत नाही. रोजच्या आदळण्याने झालेली झीज भरून काढायला वेळ मिळाला नाही की तडकते. नवख्या सैनिकाच्या नडगीत आणि पावलात हे आजही होते. शारीरिक श्रमाची सवय नसलेल्याला एकदम धावायला लावले, की धोका वाढतो.

इस्रायलमध्ये मुलामुलींना सैन्यसेवा सक्तीची आहे. तिथल्या लष्करी डॉक्टरांनी सुमारे पंचवीस वर्षे या दुखण्याचा पाठपुरावा केला. बूट बदलले, पावलाखाली गाद्या घातल्या. शेवटी मोठा फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी : रात्री किमान सहा तास झोप आणि एकूण कूच कमी. या दुखापती निम्म्याहून अधिक घटल्या. अमेरिकी नौदलातल्या नव्या महिला जवानांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, तेव्हा अशा चिरा सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या. जिथे सक्ती आहे, तिथेही शरीराला सवलत द्यावी लागते. सिंगापूरमध्ये १९६७ पासून राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे. तिथे आधी वैद्यकीय प्रतवारी होते आणि अति वजनाच्या मुलांना जास्त आठवड्यांचे प्रशिक्षण देतात.

दुसरा धोका उष्णतेचा. शरीराला उन्हात श्रम करण्याची सवय लागायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्याआधी जिवाच्या आकांताने धावले तर शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाऊ शकते. मेंदू, यकृत, मूत्रपिंड, स्नायू सगळ्यांना इजा होते. २०१४च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत आणि २०२४ मध्ये झारखंडमधल्या शिपाई भरतीत धावण्याच्या चाचणीत उमेदवारांचे मृत्यू झाले. ही स्वखुशीने आलेली, तयारी केलेली मुले होती. तयारी नसलेल्या लाखोंना सक्तीने मैदानात उतरवले तर काय होईल, याचा विचार ‘पाठवा मिलिटरीत’ म्हणण्याआधी करायला हवा.

रेघ आधीच आखलेली असते

आता पुन्हा कुपवाडच्या रस्त्यावर येऊ. कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडून होणाऱ्या भरतीत सांगली-साताऱ्याची मुले जातात. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर ६० गुण, म्हणजे ताशी साधारण साडेसतरा किलोमीटरचा वेग. दहा बीम काढले तर ४० गुण. नऊ फुटी खंदक उडी मारून पार करायचा, अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालायचे. त्यानंतर मोजमाप. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त. आणि जनरल ड्युटीसाठी महाराष्ट्रातल्या मुलाची उंची १६८ सेंटिमीटर.

दम कमावता येतो, बीम वाढवता येतात, छातीही थोडी फुगवता येते. उंचीचे काय? भारतीय तरुणांची सरासरी उंची १६६ सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे लेखी परीक्षा आणि धावणे बाजूला ठेवले तरी निम्म्याहून जास्त मुले या रेघेच्या खालीच राहतात. वर्षभर पहाटे उठलेला, सगळे मैदान मारलेला मुलगा दोन सेंटिमीटरसाठी परत येतो. मग कुणी त्याला बारला लटकायला सांगते, कुणी पावडरचा डबा विकते. अठराच्या सुमारास बहुतेक मुलांच्या हाडांची टोके जुळत आलेली असतात. त्यानंतर लटकून उंची वाढत नाही, पावडरने तर नाहीच.

उंचीत आईवडिलांचा वारसा मोठा असतो. पण त्या वारशातले किती हाती लागते, ते आई गरोदर असल्यापासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांत बरेचसे ठरते. नंतर वयात येतानाची वर्षे महत्त्वाची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आहे आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने बारीक आहेत. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आईचे रक्त कमी, तर बाळाचे वजन कमी. हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. ते मुलातही कमी असेल तर तिसऱ्या फेरीत तो धापा टाकतो, आणि आपण म्हणतो, पोरात जिद्द नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण बोलके आहे. तिथे सक्तीच्या भरतीमुळे तरुणांच्या उंचीच्या नोंदी दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात डच तरुणाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती, म्हणजे आपल्या आजच्या मुलांइतकीच. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती १८४ वर गेली. हे कवायतीने झाले नाही. स्वच्छ पाणी, दूध, लहानपणीच्या आजारांवर उपचार, आईची काळजी, कमी झालेली गरिबी यांनी झाले. १९९७ पासून तिथे तरुणांना सक्तीने बोलावणे बंद आहे. डच मुले मात्र आजही जगातल्या सर्वांत उंच मुलांत मोजली जातात. सैन्याने फक्त उंची मोजली होती.

मोजपट्टी पाहून शहाणे झालेले देश

काही देशांनी हा इशारा वेळीच ओळखला. बोअर युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये भरतीला आलेल्यांपैकी खूप जण शारीरिकदृष्ट्या नापास झाले. १९०४ मध्ये सरकारी समितीने कारणे शोधली. त्यातून सक्तीची कवायत आली नाही. १९०६ मध्ये गरीब मुलांना शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ मध्ये शाळेतल्या वैद्यकीय तपासणीचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेलाही भरतीत कुपोषणाचा प्रश्न दिसला. १९४६च्या तिथल्या शालेय भोजन कायद्यात या जेवणाला राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय म्हटले आहे. भरतीच्या मैदानातली अडचण त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात सोडवायला घेतली.

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. तिथे मूल सहावीत, दहा-बारा वर्षांचे असताना घेतात : वेळेवर जेवण, रोज मैदान, नियमित तपासणी. चांगला अधिकारी हवा असेल तर सुरुवात अठराव्या वर्षी करून चालत नाही, हे संरक्षण खात्याने साठ वर्षांपूर्वीच ओळखले होते. ते थोड्या मुलांच्या वाट्याला आले, एवढेच.

म्हणून सक्ती हवीच असेल तर ती मुलांवर नको, मोठ्यांवर असावी. गरोदर बाईच्या रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सुटू नयेत. अंगणवाडीतले बाळाचे वजन-उंचीचे माप खरे असावे आणि तक्त्यात घसरलेल्या बाळाच्या घरी कुणीतरी जावे. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, २०१३ पासून शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. नवे काही शोधायचे नाही, आहे ते चुकू द्यायचे नाही. शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊ नये. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज किमान तासभर अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी वस्तीत मोकळे मैदान लागते. पोरांनी व्यायाम करावा असे म्हणायचे आणि मैदानावर गाड्या लावायच्या, हे जमणार नाही. आणि हे सगळे मुलींनाही लागू आहे. त्या उद्याच्या अग्निवीर असतीलच, उद्याच्या आयाही असतील.

जे आज धावत आहेत त्यांच्यासाठी

ही सुधारणा पुढच्या पिढीला मिळेल. आज पहाटे धावणाऱ्यांनी मात्र काही गोष्टी लगेच कराव्यात.

तयारी सुरू करण्याआधी उंची, नजर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. उंची बसत नसेल तर ते वर्ष वाया घालवण्यापूर्वी कळलेले बरे; कारकुनी पदांसाठी आणि इतर सेवांसाठी निकष वेगळे असतात. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांकडे जा. हरभरा, मटकी, पालेभाजीवर लिंबू, अंडी, दूध, शेंगदाणे एवढ्याने आहार चांगला होतो, महागडे डबे लागत नाहीत.

नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणे थांबवा. हाडाला चीर असू शकते. सुरुवातीच्या क्ष-किरणात ती दिसेलच असे नाही. सहा ते आठ आठवडे विश्रांती घेतली तर बहुतेकदा भरून येते. वेदनाशामक गोळी खाऊन धावलात तर हाड पुरते मोडू शकते. शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडालाही घातक ठरतात. धावण्याचे अंतर हळूहळू वाढवा, आणि सात-आठ तास झोपा. झोप कमी करून सराव वाढवणे हा तोट्याचा सौदा आहे.

ताप असताना किंवा ताप उतरल्यावर लगेच धावू नका. धावताना चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्या. उन्हात धावताना सोबती बरळू लागला, अडखळू लागला, तर आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि हे सगळे मुलांइतकेच अकॅडमी चालवणाऱ्यांनीही वाचावे.

निवड झाली तरी चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरच कायम होतात. बाकीच्यांना तेच शरीर घेऊन दुसरे काम शोधायचे असते. ते शरीर भरतीच्या एका सकाळीसाठी मोडून घेऊ नका.

रात्रपाळीहून परतणारा जो कामगार या पोरांना पाहून क्षणभर सायकल हळू करतो, त्याच्या घरीही कदाचित दोन वर्षांचे मूल झोपलेले असेल. ते मूल सोळा वर्षांनी या रस्त्यावर धावेल की नाही, हे त्याचे ते ठरवेल. मोजपट्टीखाली उभे राहिल्यावर ते रेघेच्या वर असेल की खाली, यातला मोठा भाग मात्र त्याच्या ताटातून आणि त्याच्या अंगणवाडीतून आजच ठरतो आहे.